लिलाव संपला, गाडी घरी कशी आणायची?

1998 साली पुण्यातल्या लष्करी लिलावात वडिलांनी शक्तिमान ट्रक घेतला. पाण्याचा टँकर करायचा होता. जर्मन ‘मान’ कंपनीच्या तंत्रावर जबलपूरला बनलेली ही गाडी पुढच्या चाकांनीही ओढते, काळ्या रानात रुतत नाही.

पण घर सोलापूरला, अडीचशे किलोमीटर. बॅटरी मेलेली, टायरांना भेगा, लष्करी नंबरातल्या बाणावर रंग फासलेला. तात्पुरता नंबर मिळता मिळेना. शेवटी प्रोपेलर शाफ्ट सोडवला, दुसऱ्या ट्रकला लोखंडी दांडा जोडला आणि रात्री निघालो. भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी... प्रत्येक थांब्यावर वडील चाकाला हात लावून तापलंय का बघत. मोहोळला उजाडलं.

मोटार वाहन कायदा 1988, कलम 60 सांगतं की संरक्षणाच्या कामातून सुटलेल्या गाडीची नेहमीसारखी नोंदणी करावी लागते. कलम 43 मध्ये तात्पुरत्या नोंदणीची सोय आहे. मग ती नोंदणी आणि विमा लिलावाच्या फाटकावरच का देऊ नये? आता बोली ऑनलाइन लागते, कागदही तसेच मिळावेत. रोख पैसे मोजून घेतलेली गाडी शेतकऱ्याने दिवसाउजेडी, ताठ मानेने घरी आणावी.