एकोणनव्वद माणसे आणि एक मतदारसंघ

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात २७ क्रमांकाचा एक मतदारसंघ होता. जानेवारी २०२३ पासून तो नाही. न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गगनचुंबी इमारती उभ्या राहतात. पण हा मुलूख त्या न्यूयॉर्कचा नव्हे. राज्याच्या पश्चिम टोकाला बफलो आणि रॉचेस्टर ही दोन शहरे आहेत. त्यांच्या मधला हा दुधदुभत्याचा, सफरचंदांच्या बागांचा, लहान गावांचा प्रदेश. तिथे भूकंप झाला नाही की पूर आला नाही. फक्त मोजणी झाली आणि त्या मोजणीत ८९ माणसे कमी पडली.

तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला असा आकडा स्वस्थ बसू देत नाही. म्हणून ह्या खात्याचा जरा मागोवा घेतला.

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ४३५ जागा आहेत. १९११ च्या कायद्याने हा आकडा ठरला आणि १९२९ मध्ये तो कायमचा झाला. दर दहा वर्षांनी शिरगणती होते आणि ह्याच ४३५ जागांची पन्नास राज्यांत फेरवाटणी होते. भाकरी तेवढीच, खाणारी तोंडे मात्र सरकत राहतात. लोक उत्तरेकडून टेक्सास, फ्लोरिडाकडे गेले, तशा जागाही गेल्या. १९३० आणि ४० च्या दशकांत न्यूयॉर्कच्या वाट्याला ४५ जागा होत्या. १९७३ मध्ये त्या ३९ झाल्या, १९९३ मध्ये ३१, २०१३ मध्ये २७.

मग आली २०२० ची शिरगणती. प्रत्येक राज्याला आधी एकेक जागा, उरलेल्या ३८५ एका गणिती सूत्राने क्रमाक्रमाने. शेवटची, म्हणजे ४३५ वी जागा मिनेसोटाला गेली. रांगेत पुढचा क्रमांक न्यूयॉर्कचा होता. इतर सगळे आकडे तसेच राहून न्यूयॉर्कची आणखी ८९ माणसे मोजली गेली असती, तर जागा वाचली असती. राज्याची लोकसंख्या २ कोटी २ लाख. त्यात ८९ म्हणजे एखाद्या चाळीतली बिऱ्हाडे!

पुढची गंमत बँकवाल्यांना विशेष कळेल. अमेरिकेचे जनगणना खाते गणनेनंतर स्वतःच्याच कामाची नमुना तपासणी करते. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. त्यांत न्यूयॉर्कची मोजणी प्रत्यक्षापेक्षा सुमारे साडेतीन टक्के जास्त झाल्याचा अंदाज निघाला आणि मिनेसोटाचीही तशीच, किंबहुना किंचित अधिक. टेक्सास आणि फ्लोरिडात मात्र माणसे मोजायची राहून गेली होती. पण ह्या तपासणीवरून जागा बदलत नाहीत. हिशेबनिसाने चूक दाखवावी आणि साहेबांनी सांगावे, ‘वही मिटली, आता दहा वर्षांनी बघू.’

पण मतदारसंघ म्हणजे काय नुसता आकडा? आकडा तर भटक्याच असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी २७ क्रमांक युटिका परिसराचा होता. तिथले प्रतिनिधी जेम्स शर्मन पुढे १९०९ मध्ये देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. १९८० च्या दशकात हाच क्रमांक सिराक्यूजकडे होता आणि १९९३ मध्ये तो पश्चिमेकडे सरकला. बिल पॅक्सन ३१ मधून २७ मध्ये आले. त्यांच्यानंतरचे टॉम रेनॉल्ड्स २००३ मध्ये २७ मधून २६ मध्ये गेले आणि बफलोचे जॅक क्विन ३० मधून २७ मध्ये आले. क्विन यांच्या जागी २००५ मध्ये ब्रायन हिगिन्स आले आणि २०१३ मध्ये तेही २६ चे झाले. माणसे आपल्या जागी, पाट्या मात्र फिरत्या. खातेदार तोच, खाते क्रमांक नवा.

ह्या पाट्या फिरल्या की राजकारणही फिरते. कॅथी होकुल ह्या डेमोक्रॅट बाईंनी २०११ च्या पोटनिवडणुकीत रिपब्लिकनांचा बालेकिल्ला मानला जाणारा २६ वा मतदारसंघ जिंकला. पुढच्याच वर्षी रेषा नव्याने आखल्या गेल्या. होकुल २७ मधून उभ्या राहिल्या. हा मतदारसंघ आता अधिकच रिपब्लिकन झाला होता, आणि ख्रिस कॉलिन्स ह्यांनी थोड्या मतांनी त्यांचा पराभव केला. त्याच होकुल २०२१ मध्ये राज्याच्या पहिल्या महिला गव्हर्नर झाल्या.

कॉलिन्स ह्यांची कथा कादंबरीकाराने रचली असती तर ‘फारच ओढूनताणून’ असा शेरा मिळाला असता. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प ह्यांना पाठिंबा देणारे ते पहिले विद्यमान काँग्रेस सदस्य. ते एका ऑस्ट्रेलियन औषध कंपनीच्या संचालक मंडळावर होते आणि तिचे मोठे भागधारकही. २२ जून २०१७ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेजवानी चालू असताना त्यांना निरोप आला, की कंपनीचे औषध चाचणीत नापास झाले. बातमी अजून जाहीर व्हायची होती. त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला. मुलाने आणि इतर काहींनी शेअर विकले आणि साडेसात लाख डॉलर्सहून अधिक तोटा वाचवला. तो तोटा वाचला म्हणजे कुठे गेला? ज्यांना बातमी ठाऊक नव्हती, त्या खरेदीदारांच्या डोक्यावर.

ऑगस्ट २०१८ मध्ये आरोपपत्र आले. नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली आणि कॉलिन्स निवडून आले! मताधिक्य घसरून जेमतेम हजाराच्या आसपास आले, पण जागा राहिली. सुरक्षित मतदारसंघ म्हणजे काय, ते ह्यातून समजावे. पुढे २०१९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि गुन्हा कबूल केला. २६ महिन्यांची शिक्षा झाली, पण ती पुरी होण्याआधी डिसेंबर २०२० मध्ये अध्यक्ष ट्रम्प ह्यांनी त्यांना माफी दिली.

जागा रिकामी झाली ती भरेपर्यंत साडेनऊ महिने गेले. एप्रिलची पोटनिवडणूक कोरोनामुळे जूनवर ढकलली गेली. म्हणजे १ एप्रिल २०२० ह्या शिरगणतीच्या दिवशी, ज्या मोजणीने पुढे राज्याची एक जागा गेली त्या दिवशी, ह्या मतदारसंघाला प्रतिनिधीच नव्हता.

शेवटचे प्रतिनिधी क्रिस जेकब्स. मे २०२२ मध्ये शेजारच्या बफलोत एका वंशद्वेष्ट्या तरुणाने किराणा बाजारात दहा कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या. दहा दिवसांनी टेक्सासमधल्या युवाल्डी गावच्या शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. जेकब्स बंदूकवाल्यांच्या पाठिंब्यावर निवडून आलेले रिपब्लिकन; पण त्यांनी सांगितले, की अशा शस्त्रांवर बंदी घालायला आपण मत देऊ. आठवड्याच्या आत पक्षातला पाठिंबा आटला आणि जेकब्स ह्यांनी उमेदवारी सोडली. जुलै अखेर बंदीचे विधेयक २१७ विरुद्ध २१३ मतांनी प्रतिनिधिगृहात संमत झाले. बाजूने मत देणारे रिपब्लिकन दोनच. त्यांतले एक जेकब्स. सिनेटमध्ये ते विधेयक पुढे सरकले नाही. मतदारसंघही जानेवारीत विरघळला आणि त्याचा बराच भाग २४ आणि २३ क्रमांकांत गेला.

ह्या दोघांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून पाहावी. आरोपपत्र खिशात असलेला माणूस निवडून येऊ शकला आणि सद्सद्विवेकाचे ऐकणाऱ्याला आधी उमेदवारी सोडावी लागली. रेषा एकाच रंगाच्या वस्तीभोवती आखल्या, की प्रतिनिधीला विरोधी पक्षाचे भय उरत नाही, उरते ते फक्त स्वपक्षाचे. माझ्या मते जागा किती ह्यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

आपल्याकडे हा विषय परका नाही. राजापूर मतदारसंघाने नाथ पै दिले, मधु दंडवते दिले, सुरेश प्रभू दिले. २००८ च्या पुनर्रचनेत ते नाव पुसले गेले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग आले. कोकणातली वयस्क माणसे अजूनही ‘राजापूरचे नाथ पै’ असेच म्हणतात.

आपला मार्ग अमेरिकेहून वेगळा. राज्यनिहाय जागा १९७६ मध्ये १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या गेल्या आणि २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. हेतू असा, की कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊ नये. किंमतही पडली: २०२४ च्या निवडणुकीत सुमारे ९७ कोटी मतदारांमागे ५४३ खासदार होते, म्हणजे एकामागे जवळजवळ अठरा लाख. अमेरिकेत एका प्रतिनिधीमागे मतदार नव्हे, तर सगळी लोकसंख्या धरून साडेसात लाखांच्या वर भरते.

पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झालेली आहे. जागांचा वाद दिल्लीत आणि दक्षिणेत रंगत राहील. वाचकहो, आपल्या हाती दोन गोष्टी आहेत. एक, दाराशी प्रगणक येईल तेव्हा ‘नंतर या’ म्हणू नये. घरातली म्हातारी, कामाला राहिलेला मुलगा, सगळ्यांची नोंद करावी. दुसरी, पुनर्रचनेचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो, तो वाचावा. आपला तालुका कुणाच्या सोयीने कुठे जोडला जातो आहे, हे तेव्हाच विचारायचे असते. खातेपुस्तक वेळच्या वेळी तपासणाऱ्या ग्राहकाला बँकही जरा वचकून असते.