हुकूम कोर्टाचा, वसुली मात्र बाईची!



पोटगीचा हुकूम झाला की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. संघटनेच्या अहवालात 'पोटगी मंजूर' अशी नोंद होते आणि प्रकरण निकाली निघाले असे आपण धरून चालतो. पण त्या दिवशी बाईच्या हातात पडतो तो फक्त एक कागद. त्या कागदावर चूल पेटत नाही. नवऱ्याने पैसे भरले नाहीत तर पुढे काय, हा प्रश्न आपण पुरेशा जोराने कधी विचारलाच नाही. तो आता विचारायची वेळ आली आहे.

आमच्या केंद्रावर येणारी एक बाई आहे. दोन मुले पदरात, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. तालुक्याच्या कोर्टाने दरमहा ३,००० रुपये पोटगी ठरवली. नवऱ्याने एक पैसा दिला नाही. भावकीतले लोक म्हणाले, 'थांब, आम्ही समजावतो.' ती थांबली. चौदा महिने गेले, थकबाकी ४२,००० वर गेली. मग अर्ज केला, वॉरंट निघाले आणि पोलीस ठाण्यातून शेरा मारून परत आले : 'इसम मिळून आला नाही.' त्याच आठवड्यात हा इसम गावच्या जत्रेत सगळ्यांना मिळून आला होता! शेवटी तिला सांगण्यात आले, वीस हजारांवर मिटवून घे. तिने विचारले, "बाकीचे बावीस हजार मी कुणाच्या पोटातून माफ करू?" या प्रश्नाला तिथे कुणाकडेच उत्तर नव्हते.

कायद्यात काहीच नाही म्हणून हे घडते का? नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आपल्या सगळ्यांच्या तोंडी होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे. जुनी तरतूद तशीच पुढे आली आहे. पुरेशा कारणाशिवाय पोटगी थकवली तर दंडाची रक्कम वसूल करतात त्या पद्धतीने ती वसूल करता येते. म्हणजे जंगम मालमत्तेची जप्ती आणि विक्री, किंवा थेट जिल्हाधिकाऱ्याला वॉरंट की ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करा. त्यानंतरही रक्कम उरली तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत, किंवा पैसे भरेपर्यंत, कैद.

गावोगाव नवरे छाती फुगवून सांगतात, 'महिनाभर आत जाऊन येईन, हिशोब मिटेल.' हे साफ खोटे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच कुलदीप कौर खटल्यात स्पष्ट केले की कैद हे वसुलीचे साधन आहे, ती भोगल्याने देणे फिटत नाही. तुरुंगातून सुटून आल्यावरही तो देणेकरीच असतो. हे वाक्य आपल्या प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लिहून ठेवायला हवे.

पण याच व्यवस्थेची दुसरी बाजू पाहा. थकबाकीचे वॉरंट हवे तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. कुणी? बाईने. आमच्या या बाईचे पहिले दोन महिने, म्हणजे ६,००० रुपये, या मुदतीबाहेर गेले. तो हक्क मरत नाही, दिवाणी जप्तीचा मार्ग उरतो, पण त्यासाठी पुन्हा वकील आणि पुन्हा हेलपाटे. १९९९ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की एका अर्जावर एक महिन्यापेक्षा जास्त कैद देता येत नाही, पैसे आले नाहीत तर पुन्हा अर्ज करावा. पुन्हा कुणी? बाईनेच. नवऱ्याचा पत्ता शोधायचा तिने, त्याची जमीन किती ते तलाठ्याकडून काढायचे तिने, पगार कुठे होतो ते हुडकायचे तिने, आणि वॉरंट बजावायला निघालेल्या पोलिसाच्या गाडीभाड्याची सोयही पुष्कळदा तिनेच करायची. हुकूम मोडला कोर्टाचा आणि झिजायचे बाईने!

आता पतपेढीचे कर्ज घ्या. कर्ज घेताना सभासदाने करार लिहून दिलेला असला की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ प्रमाणे मालक हप्ता परस्पर पगारातून कापून संस्थेकडे भरतो. नोटा त्याच्या हातात पडण्याआधीच! कर्ज बुडवले तर कलम १०१ चा वसुली दाखला निघतो, वसुली अधिकारी दारात येतो. तेव्हा कुणी म्हणत नाही की हा घरगुती मामला आहे, पतपेढीने जरा समजुतीने घ्यावे. मग बायकोमुलांच्या पोटाचे देणे पतपेढीच्या हप्त्यापेक्षा हलके कसे? उत्तर आपल्याला माहीत आहे. कर्ज हे देणे मानले जाते आणि पोटगी ही नवऱ्याची मेहेरबानी.

काही जण म्हणतील, गरीब माणूस आणणार कुठून? कमाई खरोखर घटली असेल तर रक्कम कमी करून घेण्यासाठी अर्जाची सोय कायद्यातच आहे, आता ती कलम १४६ मध्ये आहे. तो अर्ज का करत नाही? कारण मग कमाईचा पुरावा द्यावा लागेल. राजनेश विरुद्ध नेहा या, नागपूरहून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही बाजूंनी मिळकत आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. लपवायला जागा उरली नाही, म्हणून तो गप्प बसतो.

आणि थोडे आपल्यालाही सुनावले पाहिजे. 'टाका त्याला आत' ही घोषणा द्यायला सोपी आहे. पण आत गेलेला माणूस कमावत नाही. ज्याला पगार आहे त्याचा पगार आधी धरा. राजनेश निकालानेच सांगितले आहे की पोटगीचा हुकूम दिवाणी कोर्टाच्या पैशाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. पोटगीच्या दरखास्तीत पगाराचा एक तृतीयांश भाग तेवढा जप्तीतून सुटतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम २०(६) खाली कोर्ट मालकालाच सांगू शकते की पगारातून रक्कम थेट बाईला द्या. जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्याच्या वॉरंटचा आग्रह धरा. कैद हा शेवटचा धाक म्हणून हातात ठेवा. एकही महिना थकला की अर्ज करा, भावकीच्या शब्दावर वर्ष घालवू नका. अर्ज चालू असताना पुढे थकणारे महिनेही त्याच अर्जात मागता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले आहे.

पण एकेका बाईला वसुली शिकवून हा प्रश्न सुटणार नाही. आपली मागणी सरळ आहे. पोटगीची रक्कम ठरलेल्या तारखेला कोर्टात जमा झाली नाही तर कोर्टाने स्वतःहून वसुली सुरू करावी, बाईच्या अर्जाची वाट पाहू नये. 'मिळून आला नाही' असा शेरा मारणाऱ्या पोलिसाने कुठे, कधी, कितीदा शोधले ते लेखी द्यावे. पगारदाराची पोटगी पहिल्या महिन्यापासून पगारातूनच कापली जावी. आणि ज्याच्याकडे खरोखर काही नाही, त्याच्या बायकोमुलांना शासनाने आधी रक्कम द्यावी आणि मग त्याच्याकडून वसूल करत बसावे. हे स्वप्नरंजन नाही. जर्मनीत एकट्या पालकाजवळ वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत १९८० पासून हेच चालते.

१९८० च्या दशकात संगमनेरपासून सांगलीपर्यंत परित्यक्ता स्त्रिया एकत्र आल्या आणि 'टाकलेली' या शब्दामागची लाज त्यांनी झुगारून दिली. ती लाज आता थकबाकीदाराच्या दारात नेऊन ठेवायची पाळी आपली आहे. आपल्या पुढच्या अहवालात 'पोटगी मंजूर' एवढे लिहून थांबू नका. त्याच्या पुढे आणखी एक रकाना आखा : 'हातात किती आली?' त्या रकान्यातले आकडे घेऊन आपण सगळ्याजणी कोर्टाच्या, कलेक्टरच्या आणि विधिमंडळाच्या दारात उभ्या राहू.