थांबण्याच्या वेळेवरून चार्जर ठरवा
महावितरणच्या अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालकांना खुले पत्र

महोदय,


राज्यातल्या इलेक्ट्रिक वाहनांच्या चार्जिंग सुविधेची समन्वयक संस्था महावितरण आहे, म्हणून धाराशिव जिल्ह्याची मागणी थेट आपल्याकडे मांडतो. राज्याच्या 2025 च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय ठरली आहे. सोलापूर-तुळजापूर-येरमाळा-बीड हा 52 क्रमांकाचा आणि नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादला जाणारा 65 क्रमांकाचा महामार्ग आमच्याच जिल्ह्यातून जातो. पण नुसते अंतर मोजून चार्जर बसवू नका. माणूस तिथे किती वेळ थांबतो, ते आधी पाहा.

तुळजापूरला आलेले कुटुंब गाडी वाहनतळावर लावते आणि दर्शनाच्या रांगेला लागते. ओटी भरणे, अभिषेक, एखाद्याचा गोंधळ, मग जेवण. मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला तर अख्खा दिवस तिथेच जातो. चाळीस युनिटांची बॅटरी 10 टक्क्यांवरून 80 वर न्यायला 28 युनिटे लागतात, 7.4 किलोवॅटच्या साध्या चार्जरवर हे काम चारेक तासांत होते. तिथे महागडे यंत्र कशाला? त्याच पैशात साध्या चार्जरची रांग उभी राहील.

येरमाळ्याचे तसे नाही. येडेश्वरीच्या यात्रेचे दिवस सोडले, तर तिथल्या चौकात गाडी चहापुरती थांबते. बीडकडे निघालेल्याला अर्ध्या तासात वाट धरता आली पाहिजे. 60 किलोवॅटच्या एका चार्जरवर दोन गाड्या लागल्या, की वीज बहुधा निम्मी-निम्मी वाटली जाते आणि अर्ध्या तासाचा तास होतो. म्हणून इथे, आणि तिकडे उमरग्याला, 120 किलोवॅटचे किमान दोन चार्जर हवेत.

खरी अडचण विजेची आहे. असे दोन चार्जर पूर्ण क्षमतेने चालले, तर पाच एचपीचे साठ-पासष्ट कृषिपंप एकाच वेळी सुरू केल्याइतका भार पडतो. रब्बीत विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या, की दाब किती खाली येतो, हे आपल्या लाइनमनना ठाऊक आहे. म्हणून उपकेंद्रातून स्वतंत्र 11 केव्ही वाहिनी आणि स्वतंत्र रोहित्र आधी द्या. केंद्राने 2018 मध्ये आकांक्षित ठरवलेल्या आमच्या जिल्ह्यात गाड्या आज कमी आहेत. वाहिनी टाकायचा खर्चही अंगावर येणार असेल, तर खाजगी गुंतवणूकदार सोलापुरातच थांबेल. भूम-वाशीच्या माळांवर पवनचक्क्या फिरताहेत. त्यांच्या पायथ्याशी चार्जरला वीज पुरत नाही, असे आम्ही का ऐकून घ्यावे?

येत्या नवरात्राआधी तुळजापूरच्या वाहनतळांवर साधे चार्जर सुरू करा, आणि येरमाळा व उमरग्याच्या वाहिन्यांना मंजुरी देऊन कामाची तारीख जाहीर करा.

आपला,
तुळजापूरचा एक वीजग्राहक