स्वतःसाठी एकी, इतरांसाठी फूट

युरोपीय संघातील २७ राष्ट्रांपैकी एकालाही बाहेरच्या देशाशी स्वतंत्र व्यापारी करार करता येत नाही. १९५७ च्या रोम करारातच या सामायिक व्यापारनीतीचा पाया घातला गेला. मंत्रिपरिषदेने अधिकारपत्र द्यावयाचे, ब्रुसेल्सच्या आयोगाने सर्वांच्या वतीने वाटाघाटी करावयाच्या, अशी ही व्यवस्था आहे. एकजुटीने सौदा करण्याचे सामर्थ्य युरोपच्या भांडवलदारांना कोणी शिकवावयास नको! प्रश्न एवढाच, की हा हक्क ते समोरच्या पक्षाला देतात काय?

१९७५ साली लोमे येथे आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिकमधील ४६ देश एकत्र बसले आणि परतफेडीची सवलत न देता युरोपच्या बाजारात प्रवेश मिळवून गेले. ही एकी ब्रुसेल्सला फार काळ मानवली नाही. २००० च्या कोटोनू करारान्वये या देशांचे प्रादेशिक गट पाडून प्रत्येकाशी वेगळी बोलणी करण्याचे ठरले, आणि आता बदल्यात त्यांचीही बाजारपेठ खुली हवी होती. जागतिक व्यापाराचे नियम आड येतात, हा युक्तिवाद पुढे करण्यात आला. परंतु त्याच नियमांतून २००१ मध्ये दोहा येथे युरोपने २००७ अखेरपर्यंतची सूट मिळवली होती. इच्छा असली की नियम वाकतात.

पुढे गटही फोडण्यात आले. पूर्व आफ्रिकी समुदायात २००५ पासून जकातसंघ आहे. त्यातील टांझानिया, युगांडा आदी अतिमागास देशांना शस्त्रे वगळता सर्व मालास युरोपात मुक्त प्रवेश आहे. केनिया त्या वर्गात बसत नाही. नेमकी हीच फट हेरली गेली. मुदतीत करार झाला नाही म्हणून १ ऑक्टोबर २०१४ पासून केनियाच्या गुलाबांवर आयातशुल्क बसले. नैवाशाचे मळेवाले हवालदिल झाले (मजुरांना विचारतो कोण?), आणि त्याच महिन्यात वाटाघाटी 'यशस्वी' झाल्या. टांझानिया मात्र बधला नाही. करारामुळे देशातील कोवळे उद्योग मरतील, असे माजी अध्यक्ष बेंजामिन म्कापा यांनी बजावले होते. संसदेनेही २०१६ मध्ये करार नाकारला. तेव्हा केनियाला एकटे गाठून १८ डिसेंबर २०२३ रोजी नैरोबीत सही घेण्यात आली.

समुदायानेच २०२१ मध्ये तशी मुभा दिली होती, हे खरे. गिरणीमालकांचा संघ एकेका कामगाराला केबिनमध्ये बोलावतो, तेव्हाही सही कामगाराचीच असते. उद्या केनियाने फुलांपुरता स्वतंत्र करार नेदरलँड्सशी करू म्हटले, तर ब्रुसेल्स ते चालवून घेईल काय?

करार १ जुलै २०२४ पासून अमलात आहे. केनियात टप्प्याटप्प्याने जकातमाफ होणारा युरोपीय माल टांझानियात शिरू नये, म्हणून नामांगाच्या नाक्यावर शेजाऱ्यानेच शेजाऱ्याचे ट्रक तपासावयाचे. जकातसंघ स्थापन झाला होता तो हेच नाके उठवण्यासाठी.