बैलाचा विमा : हप्ता कोणाचा, हमी कोणाची?



येत्या जिल्हा बैठकीत कापसाच्या भावावर बोलणे होईलच. त्याआधी एका वेगळ्या हिशेबाला बसायचे आहे. बैलाचा विमा काढावा की नाही? गावोगाव दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, सरकार पैसे भरते आहे, मग सोडायचे कशाला? दुसरा म्हणतो, विमा म्हणजे लुबाडणूक. बापाने काढला नाही, आम्हीही काढणार नाही. आमचे म्हणणे असे की दोन्ही पक्षांनी अजून पाटी-पेन्सिल हातात घेतलेली नाही.

तर घेऊ या. बैलाची किंमत समजा ५० हजार आणि हप्त्याचा दर शेकडा ४. वर्षाचा हप्ता झाला २ हजार. असे २५ बैल विम्यात आले की कंपनीकडे ५० हजार जमतात. म्हणजे २५ बैलांत दरवर्षी एक बैल दगावत असेल, तरच शेतकऱ्यांनी भरलेले पैसे शेतकऱ्यांकडे परत येतात. आपल्या गावात २५ बैलांमागे दर साल एक मरतो का? गोठे मोजा आणि तुम्हीच सांगा. बहुतेक गावांत उत्तर 'नाही' येईल. तेव्हा पूर्ण हप्ता खिशातून भरायचा असेल, तर दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अगदीच चूक नाही.

पण पुढची ओळ वाचा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय पशुधन अभियानात बदल केला. शेतकऱ्याचा वाटा हप्त्याच्या १५ टक्के ठरला. उरलेले पैसे आपल्यासारख्या राज्यात केंद्र आणि राज्य यांनी ६०:४० या प्रमाणात भरायचे. आमच्या उदाहरणात शेतकऱ्याचे ३०० रुपये, केंद्राचे १ हजार २०, राज्याचे ६८०. आता १६६ बैलांत वर्षाला एक दगावला तरी शेतकऱ्यांचे पैसे निघतात. कंपनीने निम्मे दावे फेटाळले असे धरले, तरी ८३ बैलांत एक. हा सौदा वाईट नाही. याला लुबाडणूक म्हणणाऱ्यांनी आपला हिशेब सुधारावा.

शिवाय सरासरीचा हिशेब कंपनीचा असतो, शेतकऱ्याचा नसतो. दहा जोड्या बाळगणारा बागायतदार एक बैल मेला तर हळहळेल आणि कामाला लागेल. पाच एकर कोरडवाहूवाल्याकडे एकच जोडी. मृग तोंडावर असताना त्यातला एक गेला, तर त्याची जोडी फुटते, पेरणी लांबते, डवरणीला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. एका बैलाने वखर चालत नाही. मेलेल्या बैलाबरोबर हंगाम जातो, आणि हंगामाबरोबर सावकाराचे व्याज येते. म्हणून विमा काढताना 'किती फायदा होईल' हे विचारू नका. 'हा जीव गेला तर मी उभा राहीन का' हे विचारा. उत्तर 'नाही' असेल, तर ३०० रुपये जास्त नाहीत.

इथवर आम्ही पहिल्या पक्षाच्या बाजूने बोललो. आता त्यांनी ऐकावे.

आमच्यातल्याच एका कार्यकर्त्याचा बैल आषाढात साप चावून मेला. विमा होता, पावती होती. पण कानातला बिल्ला महिनाभरापूर्वी तुऱ्हाट्यांच्या कुडात अडकून पडला होता. त्याने तोंडी सांगितले होते, अर्ज दिला नव्हता. कंपनीचे उत्तर एका ओळीचे : बिल्ला नाही, दावा नाही. शवविच्छेदन झालेले, पंचनामा झालेला, सारे गाव बैल ओळखते. पण कंपनी बैलाला ओळखत नाही, बिल्ल्याला ओळखते. त्याने तालुक्याच्या चार चकरा मारल्या, आणि शेवटी दुसरा बैल व्याजाच्या पैशाने आणला.

कंपनीवाले म्हणतात, कानांची अदलाबदल होते, एकच मेलेले जनावर दोनदा दाखवतात. खोटे बोलणार नाही. कर्जाच्या जनावरांच्या जमान्यात असे प्रकार झाले. तेव्हा कर्ज वाटणारे, दाखला देणारे आणि जनावर विकणारे यांनी संगनमत केले. त्याचा दंड आज प्रामाणिक माणसाने किती वर्षे भरायचा? आता तर प्रत्येक जनावराला १२ आकडी क्रमांक आहे, संगणकात नोंद आहे, फोटो आहे. एवढे असूनही प्लास्टिकचा तुकडा पडला म्हणून दावा फेटाळायचा असेल, तर नोंद कशासाठी केली?

योजनेच्या सूचनांत लिहिले आहे की कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा. आता 'पूर्ण' या शब्दाकडे बघा. कागद पूर्ण झाले की नाही हे ठरवणार कोण? तीच कंपनी. एक सही कमी, एक फोटो अंधुक, आणि १५ दिवसांचे घड्याळ सुरूच होत नाही. पेरणीचे घड्याळ मात्र थांबत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट राहिलीच. आमच्या बैलाचा विमा पूर्वी बाजारातच होता. बैल थकला की बाजारात विकायचा, त्यात थोडी भर घालून गोऱ्हा आणायचा. याला हप्ता नव्हता, एजंट नव्हता, बिल्ला नव्हता. १९९५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, आणि गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. त्या दिवशी थकलेल्या बैलाची किंमत आमच्या गोठ्यातून काढून घेतली गेली. भरपाई कोणी दिली नाही. पोळ्याला बैलाच्या पाया पडणारे आम्हीच आहोत. प्रेम शिकवायला कोणी येऊ नये. पण म्हाताऱ्या बैलाचा कडबा-कुटार कायदा करणारे भरत नाहीत. विमाही भरत नाही, कारण विमा मरणाचा आहे, म्हातारपणाचा नाही. एका हाताने बाजार काढून घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने ८५ टक्के अनुदान दिल्याचे फलक लावायचे, याला आम्ही उपकार म्हणणार नाही.

'साथ आली तर सरकार देतेच की,' असेही काही जण म्हणतात. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा दुभत्या जनावराला ३० हजार, ओढकामाच्या बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत ठरली. नाकारायचे कारण नाही. पण २५ हजारांत जोडीला जुळणारा बैल येतो का, ते बाजारात जाऊन विचारा. सरकारची मदत सरकारच्या मर्जीवर असते. १ रुपयातला पीक विमा २०२३ च्या खरिपात आला आणि २०२५ मध्ये गेला. उद्या हे १५ टक्के राहतील, याची हमी कोणी घेतली आहे?

म्हणून बैठकीपुढे आमचे म्हणणे असे :

१. ज्याची एकच जोडी आहे किंवा एकाच दुभत्या जनावरावर घर चालते, त्याने १५ टक्के वाट्यात विमा जरूर काढावा. पूर्ण हप्ता मागत असतील, तर आधी वरचा हिशेब मांडावा.

२. पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी लेखी घ्याव्यात : वयाची मर्यादा, आजारासाठी थांबण्याचे दिवस, बैल मेला नाही पण कामातून कायमचा गेला तर काय मिळेल, आणि बँकेचे कर्ज असेल तर दाव्याचे पैसे कोणाच्या खात्यात जातील.

३. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत यांच्या लसीची नोंद जपावी. बिल्ला पडला तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. तोंडी सांगणे म्हणजे न सांगणे.

४. संघटनेने मागणी करावी : संगणकात नोंद आणि फोटो असताना केवळ बिल्ला नाही म्हणून दावा फेटाळू नये, कागदात काय कमी आहे ते कंपनीने एकदाच आणि लेखी सांगावे, आणि ज्या कायद्याने थकलेल्या बैलाची किंमत शून्य केली, त्या कायद्याने ती भरूनही द्यावी.

बैठकीला येताना ज्याच्याकडे जनावराच्या विम्याचा कागद असेल त्याने तो सोबत आणावा. ज्याचा दावा फेटाळला असेल त्याने कंपनीचे पत्रही आणावे. एकेकट्याने तालुक्याच्या चकरा फार झाल्या. आता सगळे कागद एका टेबलावर मांडून विचारू.