हावड्यात मोठी एसयूव्ही बदलताना : अश्वशक्तीपेक्षा नियम, इंधन आणि गल्लीची रुंदी महत्त्वाची

हावडा : २२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे नवे दर देशभर लागू झाले आणि मोठ्या एसयूव्ही गाड्यांवरील एकूण कर ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. त्याच रात्री कोलकाता आणि हावडा परिसरात मुसळधार पाऊस झाला. कोलकात्यात २३ सप्टेंबरच्या सकाळपर्यंत २५० मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली, रस्ते पाण्याखाली गेले आणि अनेक गाड्या जागच्या जागी बंद पडल्या. दुर्गापूजेच्या तोंडावर, अवघ्या चोवीस तासांत घडलेल्या या दोन घटनांनी हुगळीच्या पश्चिम तीरावरील अनेक कुटुंबांसमोर एक जुना प्रश्न नव्याने उभा केला : दारात उभी असलेली पंधरा वर्षांची मोठी गाडी आता बदलावी काय, आणि बदलायची तर कोणती घ्यावी?

हा प्रश्न वरवर पाहता खासगी खरेदीचा आहे. परंतु हावड्यात तो केवळ तेवढाच राहिलेला नाही. न्यायालयीन आदेश, करप्रणाली, प्रदूषणाचे निकष आणि शहराची जुनी रचना या साऱ्यांचा त्याच्याशी संबंध आहे. त्यामुळे इंजिनाची शक्ती आणि आसनांचे चामडे यांच्या तुलनेने सुरू होणारी चर्चा येथे लवकरच दुसऱ्या मुद्द्यांकडे वळते.

वयाचा निकष आणि त्यामागील इतिहास

हावडा आणि कोलकाता ही जुळी शहरे जुन्या वाहनांविरुद्धच्या कायदेशीर लढ्याचे एक प्रमुख केंद्र राहिली आहेत. हावड्याचे पर्यावरण कार्यकर्ते सुभाष दत्त यांच्या याचिकेवर कलकत्ता उच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये महत्त्वाचा आदेश दिला. १ जानेवारी १९९३ पूर्वी नोंदणी झालेली व्यावसायिक वाहने महानगर क्षेत्रातून हटवावीत, असा तो आदेश होता. मुदतवाढीनंतर १ ऑगस्ट २००९ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि हजारो जुन्या बस, टॅक्सी व रिक्षा रस्त्यावरून गेल्या.

खासगी गाड्या त्या वेळी या कक्षेबाहेर होत्या. जुलै २०२२ मध्ये मात्र राष्ट्रीय हरित लवादाच्या पूर्व विभागीय पीठाने कोलकाता व हावडा येथील पंधरा वर्षांहून जुनी सर्व वाहने, खासगी वाहनांसह, सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने हटविण्याचे निर्देश राज्य सरकारला दिले. आदेश आणि प्रत्यक्ष अंमलबजावणी यांत मोठे अंतर राहिले, हे दोन्ही शहरांच्या रस्त्यांवर नजर टाकली तरी दिसून येते. तथापि गाडीमालकाच्या दृष्टीने अनिश्चितता तेव्हापासून कायम आहे.

केंद्राचे धोरण याहून वेगळे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय वाहन मोडीत काढण्याच्या धोरणात खासगी गाडीचे केवळ वय पाहून तिच्यावर बंदी घातलेली नाही. तंदुरुस्तीच्या चाचणीत जी नापास होईल तीच गाडी बाद, असे त्याचे सूत्र आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करता येते. परंतु त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले.

दिल्लीतील घडामोडीही येथे लक्षात घेण्याजोग्या आहेत. तेथे दहा वर्षांहून जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑगस्ट २०२५ रोजी अशा गाड्यांच्या मालकांवर केवळ वयाच्या आधारे कारवाई न करण्याचा आदेश दिला आणि १७ डिसेंबर रोजी हे संरक्षण भारत स्टेज-४ व त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. याचा अर्थ असा की, गाडीच्या वयाबरोबरच तिचा प्रदूषण निकष कोणता, याला कायद्यात अधिकाधिक वजन येत आहे. भारत स्टेज-४ हा निकष कोलकात्यासह तेरा शहरांत एप्रिल २०१० मध्ये, तर भारत स्टेज-६ हा निकष देशभर एप्रिल २०२० मध्ये लागू झाला. जुन्या बाजारातून गाडी घेणाऱ्याने ही दुसरी तारीख विशेषेकरून ध्यानात ठेवावी.

गाडी रुंदावली, गल्ली तेवढीच

हावड्याच्या उत्तरेस, बालीला लागून असलेल्या उत्तरपाड्यात हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात २०१४ पर्यंत अँबॅसेडर तयार होत असे. त्या गाडीची रुंदी पावणेदोन मीटरहूनही कमी होती. सालकिया, शिवपूर, बाली येथील गल्ल्या आणि ग्रँड ट्रंक रस्त्याचे अरुंद टप्पे अशाच वाहनांच्या सवयीचे आहेत.

त्यानंतर पुणे-नाशिक पट्ट्यातील कारखान्यांनी देशाला मोठ्या गाडीची गोडी लावली. टाटा सफारी १९९८ मध्ये, तर महिंद्र स्कॉर्पिओ २००२ मध्ये बाजारात आली. जुन्या घडणीच्या, आता क्लासिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्कॉर्पिओची रुंदी १.८२ मीटर आहे. २०२२ मध्ये आलेली स्कॉर्पिओ-एन १.९२ मीटर रुंद आहे आणि आजची सफारीही जवळपास तेवढीच. म्हणजे जुनी स्कॉर्पिओ देऊन त्याच नावाची नवी आणणाऱ्याच्या दारात दहा सेंटिमीटर अधिक रुंद गाडी उभी राहते. समोरासमोर दोन गाड्या आल्यावर आरसे मिटून वाट काढावी लागते अशा गल्लीत दहा सेंटिमीटर ही क्षुल्लक बाब नव्हे.

येथे एक अनपेक्षित गोष्ट दिसून येते. सर्वांत दांडगी समजली जाणारी टोयोटा फॉर्च्युनर लांबीला ४.८० मीटर, म्हणजे सफारीपेक्षा सुमारे तेरा सेंटिमीटरने अधिक आहे. परंतु तिची रुंदी १.८६ मीटरच्या आत आहे. इनोव्हा हायक्रॉसही सुमारे १.८५ मीटर रुंद आहे. गाडी वळविण्यास जागा कमी असेल तर लांबी नडते, गल्लीच अरुंद असेल तर रुंदी नडते. म्हणून माहितीपत्रकापूर्वी स्वतःच्या दारासमोरचा रस्ता मोजणे हावड्यात अधिक शहाणपणाचे ठरते.

डिझेल, पेट्रोल की हायब्रिड?

मोठी गाडी म्हणजे डिझेल, हे समीकरण गेली पंचवीस वर्षे रूढ आहे. लांबच्या प्रवासात ते आजही खरे आहे. सफारीचे दोन लिटरचे डिझेल इंजिन १७० अश्वशक्तीचे, स्कॉर्पिओ-एनचे २.२ लिटरचे इंजिन १७५ पर्यंत, तर फॉर्च्युनरचे २.८ लिटरचे इंजिन २०४ अश्वशक्तीचे आहे. दीघ्याच्या किनाऱ्यापर्यंत किंवा दार्जिलिंगच्या चढणीवर यांपैकी कोणतेही इंजिन कमी पडणार नाही.

अडचण शहरात आहे. भारत स्टेज-६ च्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. तीत साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिन काही काळ सलग वेगाने चालावे लागते. हावडा पुलावरील रांगेत आणि कोना द्रुतगती मार्गाच्या कोंडीत अडकणाऱ्या, रोज चार-पाच किलोमीटरच धावणाऱ्या गाडीला तशी संधी क्वचितच मिळते. परिणामी गाळणी तुंबते, सूचक दिवा लागतो आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो. हायब्रिड गाडीचे गणित उलट आहे. कोंडीत तिचे इंजिन बराच वेळ बंद राहते, विद्युत मोटर गाडी ओढते आणि ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत जमा होते.

एक साधा हिशेब पाहू. वर्षाला ८,००० किलोमीटर शहरी प्रवास धरला. मोठ्या पेट्रोल गाडीला लिटरमागे ९, डिझेलला १२ आणि हायब्रिडला १७ किलोमीटर असे अंतर गृहीत धरले. आणि २०२५ च्या अखेरीस कोलकात्यात असलेले पेट्रोल १०५ व डिझेल ९२ रुपये हे दर लावले, तर वर्षाचा इंधनखर्च पेट्रोल गाडीस सुमारे ९३ हजार, डिझेल गाडीस ६१ हजार आणि हायब्रिडला ४९ हजार रुपये येतो. महामार्गावर अधिक धावणाऱ्या गाडीच्या बाबतीत हायब्रिडची ही आघाडी कमी होते. तात्पर्य, इंधनाची निवड गाडीच्या आकारावरून न करता ती कोठे धावणार यावरून करावी.

रोजचा प्रवासही आता बदलला आहे. हुगळीच्या पात्राखालून जाणारी हावडा मैदान ते एस्प्लनेड ही मेट्रो मार्च २०२४ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती सियालदह मार्गे सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचपर्यंत सलग जोडली गेली. कचेरीसाठी नदी ओलांडणाऱ्या अनेकांना गाडीची रोजची गरज उरलेली नाही. मोठी गाडी लग्नकार्य, तीर्थयात्रा आणि सुट्ट्यांपुरती उरली, तर वर्षभराचे किलोमीटर कमी होतात आणि डिझेलसाठी मोजलेली अधिक किंमत वसूल होण्यास तितकीच अधिक वर्षे लागतात. ती वर्षे पुरी होईपर्यंत वयाचा नियम कोणते वळण घेईल, हा प्रश्न त्यात आहेच.

कराचा नवा हिशेब

सप्टेंबर २०२५ पूर्वी चार मीटरहून लांब, दीड लिटरहून मोठ्या इंजिनाच्या आणि जमिनीपासून १७० मिलिमीटर वा अधिक उंच असलेल्या गाड्यांवर उपकर धरून ५० टक्के कर होता. मोठ्या हायब्रिड गाड्यांवर तो ४३ टक्के होता. आता दोहोंवर ४० टक्के आहे. कर वगळता १५ लाख रुपये किमतीची डिझेल एसयूव्ही पूर्वी २२ लाख ५० हजारांना पडे, ती आता २१ लाखांना पडते. तेवढ्याच मूळ किमतीची हायब्रिड २१ लाख ४५ हजारांवरून २१ लाखांवर आली. फॉर्च्युनरच्या किमती कमाल ३ लाख ४९ हजारांनी, तर सफारीच्या १ लाख ४५ हजारांनी उतरल्या.

या बदलाचा एक परिणाम फारसा चर्चेत आला नाही. कमी इंधन जाळणाऱ्या हायब्रिडला डिझेलच्या तुलनेत असलेली सात टक्क्यांची सवलत नाहीशी झाली. ज्या शहरात स्वच्छ हवेसाठी न्यायालयांना वारंवार आदेश द्यावे लागतात, तेथे ग्राहकाला स्वच्छ पर्यायाकडे वळविणारे एक साधन त्यामुळे बोथट झाले आहे. विद्युत गाड्यांवर ५ टक्के कर कायम आहे. परंतु जुन्या वाड्यांत व अरुंद गल्ल्यांत गाडी उभी करण्यासच हक्काची जागा नसते, तेथे ती भारित कोठे करावी, हा प्रश्न सुटलेला नाही.

पाणी, पोलाद आणि सुरक्षा

पावसाळ्यात तुंबणारे पाणी हा हावड्याचा वार्षिक अनुभव आहे. फॉर्च्युनर आणि स्कॉर्पिओ-एन या स्वतंत्र पोलादी चौकटीवर बांधलेल्या, उंच गाड्या आहेत. सफारी व हायक्रॉस यांची चौकट आणि सांगाडा एकसंध आहे; त्यामुळे त्या रस्त्यावर अधिक स्थिर आणि आरामदायी वाटतात. तथापि कोणतीही गाडी बंद पडलेल्या अवस्थेत पाण्यात असताना पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास इंजिनात पाणी शिरून ते निकामी होऊ शकते, आणि इंजिन संरक्षणाची वेगळी तरतूद विम्यात नसेल तर हा खर्च बहुधा मालकालाच सोसावा लागतो. उंच गाडी घेतली म्हणजे विम्याचे हे कलम वाचण्याची गरज संपत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र नवी गाडी जुनीपेक्षा निःसंशय सरस आहे. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप चाचणीत सफारीला आणि पुढे हायक्रॉसला पाच तारे मिळाले. स्कॉर्पिओ-एनने प्रौढांच्या सुरक्षेसाठीचे पाच तारे २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप चाचणीत मिळविले होते.

जुन्या गाडीचे काय?

सर्वांत कमी विचार याच प्रश्नाचा होतो. अधिकृत केंद्रात गाडी मोडीत काढल्यास केंद्राच्या धोरणानुसार नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के एवढे मोडीचे मूल्य, नोंदणी शुल्कात माफी आणि राज्याने मान्य केल्यास खासगी गाडीच्या पथकरात २५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. परंतु सुस्थितीतील जुन्या एसयूव्हीला जिल्ह्याच्या गावी याहून चांगली किंमत येते. त्यामुळे मालक ना हरकत प्रमाणपत्र घेऊन ती महानगराबाहेर विकणे पसंत करतो. हावड्याची हवा तेवढी सुधारते. धूर मात्र दुसऱ्या गावी जातो.

अशा विक्रीत कायदेशीर धोकाही आहे. नोंदणी हस्तांतरित न करता गाडी हातोहात दिली आणि पुढे अपघात झाला, तर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. जो ओतशाळांचा व्यवसाय मराठी वाचकाला कोल्हापूरमुळे परिचित आहे, तोच हावड्याचाही जुना उद्योग आहे. मोडीचे लोखंड वितळवून नवी वस्तू घडविण्याची परंपरा असलेल्या या शहरात जुनी गाडी रीतसर भट्टीपर्यंत पोहोचण्याची व्यवस्था मालकाला परवडणारी झाली, तर धोरणाचा हेतू काही अंशी साध्य होईल.

तूर्तास हावड्यातील ग्राहकापुढील तुलनेचा क्रम स्पष्ट आहे. प्रथम गल्लीची रुंदी, मग वर्षभराचे किलोमीटर आणि त्यानुसार इंधन, त्यानंतर कर व विमा, आणि सर्वांत शेवटी अश्वशक्ती. रोज नदी ओलांडण्यासाठी मेट्रो पुरेशी असेल आणि सात आसनांची गरज वर्षातून दहा-बारा दिवसच पडत असेल, तर या यादीत आणखी एक पर्याय येतो : चार मीटरच्या आतील, १८ टक्के कराची लहान गाडी, आणि प्रसंगी भाड्याने घेतलेली मोठी.