विद्यापीठाची दारे, संशोधन संस्थेची स्मृती

‘विद्यापीठे आणि संशोधन संस्था’ असा जोड उल्लेख आपण सहज करतो. संगणकीय सुरक्षिततेचा विचार करताना मात्र ही जोडी फोडून पाहिली पाहिजे, असे आम्हांस वाटते. दोहोंपुढील धोका एकाच जातीचा नाही, आणि म्हणून एकच परिपत्रक दोहोंना पुरणारे नाही.

नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठावर डिसेंबर २०१९ मध्ये, ऐन नाताळच्या तोंडावर, हल्ला झाला. घुसखोरांना वाट मिळाली होती ती ऑक्टोबरमध्येच. कोणीतरी एक फसवे ई-पत्र उघडले होते. दोन महिने ते आत वावरले आणि मग २६७ सर्व्हरांवरील फायली त्यांनी कुलूपबंद केल्या. काही राखीव प्रतीही त्यांत सापडल्या. जानेवारीत परीक्षा होत्या. विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे २ लाख युरो, खंडणी मोजली आणि कामकाज पुन्हा सुरू केले.

दुसरे उदाहरण ब्रिटिश लायब्ररीचे. नावाने ग्रंथालय असले तरी जगभरच्या अभ्यासकांची ती संशोधन संस्थाच आहे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिच्यावर हल्ला झाला. तिने खंडणी दिली नाही. तेव्हा चोरलेली सुमारे ६०० जीबी माहिती हल्लेखोरांनी उघड केली. मार्च २०२४ मध्ये संस्थेने स्वतःच प्रसिद्ध केलेला अहवाल वाचण्यासारखा आहे. डिजिटल संग्रहाच्या सुरक्षित प्रती होत्या. परंतु सर्व्हर नष्ट झालेले आणि जुन्या प्रणाली पुन्हा उभ्या न राहणाऱ्या, त्यामुळे त्या प्रती ठेवायच्या कुठे, हाच प्रश्न पडला. मुख्य सूची जानेवारी २०२४ मध्ये मर्यादित रूपात परतली. तोवर ग्रंथ जागच्या जागी होते. त्यांच्यापर्यंत नेणारी वाट बुजली होती.

विद्यापीठाला दारे फार. दरवर्षी हजारो नवे विद्यार्थी येतात, तितकेच जातात. पाहुणे अध्यापक, कंत्राटी कर्मचारी, प्रत्येकाचे स्वतंत्र खाते. हा मोकळेपणा विद्यापीठाचा स्वभावच आहे आणि तो गमावून सुरक्षितता मिळवण्यात अर्थ नाही. तेथे पहिली गरज पहाऱ्याची : दुहेरी पडताळणी, गेलेल्यांची खाती वेळेवर बंद करणे, विद्यार्थ्यांची खाजगी माहिती कमीत कमी साठवणे. संशोधन संस्थेत माणसे मोजकी असतात. पण आत जे असते ते बहुधा एकमेव असते. निकाल पुन्हा लावता येतो, परीक्षा पुन्हा घेता येते. एकदाच झालेले ध्वनिमुद्रण पुन्हा होत नाही.

विद्यापीठांतही संशोधन होतेच, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. ही सीमारेषा आमच्या विभागांच्या आतूनही जाते. आम्ही पूर्वी शिकवीत असू त्या एका विभागात जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे होती, गावोगाव हिंडून केलेली. ती एकाच संगणकावर होती आणि परवलीचा शब्द पडद्याला डकवलेल्या चिठ्ठीवर. व्हायरसने तो संगणक गेला. परीक्षेच्या गुणांची प्रत वरून मागणी होत असल्यामुळे दुसरीकडे होती. ओव्यांची मागणी कोणीच केली नव्हती. त्या गाणाऱ्या बायांपैकी बहुतेक आता हयात नाहीत. ‘आमचे कोण चोरणार?’ असे आम्हीच म्हणत असू. चोराला आमच्या ओव्या नकोच होत्या. त्याच्या दृष्टीने ती केवळ एक फाइल होती.

म्हणून संशोधन संस्थेने आणि प्रत्येक भाषाविभागाने आधी विचारावे : आमच्यापाशी एकमेव असे काय आहे? त्याची एक प्रत महाजालापासून तोडलेली आणि दुसऱ्या गावी आहे काय? आणि ती उघडून कोणी, केव्हा पाहिली?

मराठीच्या अभ्यासकांना हे नवे वाटू नये. लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली आणि शिष्यांच्या स्मरणातून ते पुन्हा सिद्ध झाले, असे महानुभाव परंपरा सांगते. पुढे याच पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीत झाकले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीची उकल होईपर्यंत ते बाहेरच्या अभ्यासकांना बंदच राहिले. कुलपाचे मोल आम्ही नाकारीत नाही. परंतु लीळाचरित्र तरले ते अनेकांपाशी होते म्हणून.